जर्मन कुटुंबाच्या घरी सहकुटुंब राहायला जाताय? आमचा ब्लॅक फॉरेस्टचा अनुभव, तुमचेही सांगा

रानजाई

"जर्मनीत ओळखीच्यांकडे राहायला जायचंय, काय काय लक्षात ठेवू" असे प्रश्न इथे मधूनमधून येतात आणि उत्तरं बहुतेक हॉटेलात राहून आलेल्यांची असतात. म्हणून हा वेगळा धागा काढतेय. आम्ही मे महिन्यात जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागात, फ्रायबुर्गजवळच्या किर्खत्सार्टनमधे एका कुटुंबाच्या घरी आठवड्याच्यावर राहून आलो, मी, नवरा, दोन्ही मुलं आणि सासूबाई. लेक पुण्यात शाळेत जर्मन शिकते, शाळेच्या एक्स्चेंजमधे त्या घरची मुलगी आधी आमच्याकडे राहून गेली होती, मग आमची तिकडे, आणि नंतर त्यांचाच निरोप आला की आता सगळेच या आणि आजींना नक्की आणा.

मला सगळ्यात आधी हे सांगायचंय की त्यांचा पाहुणचार आपण पोचायच्या खूप आधी सुरू होतो, फक्त तो आपल्याला दिसत नाही. निघायच्या कितीतरी आधी होस्ट मॉमचा मेल आला, त्यात प्रश्नच प्रश्न. कोण काय खातं, अंडं चालतं का, आजींना जिना चढवतो का, गादी कडक लागते की मऊ, कुणाला कशाची अॅलर्जी, सकाळी किती वाजता उठता. नवरा म्हणाला हे काय आपण दवाखान्यात भरती होतोय का, पण तिथे गेल्यावर कळलं की त्यातलं एकेक उत्तर त्यांनी कामाला लावलं होतं. सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावरची त्यांची स्वतःची अभ्यासाची खोली रिकामी केलेली, पलंगाशेजारी दिवा, उशाशी पाण्याची बाटली, आणि दारात घरात घालायच्या चपलांचे पाच जोड ज्याच्या त्याच्या मापाचे. (बाहेरचे बूट दारातच काढतात बरं का, सासूबाईंना याचं इतकं बरं वाटलं!)

आणि पहिल्याच संध्याकाळी घराची किल्ली हातात. हे कुलूप असं लागतं, मागचं दार असं, आम्ही सकाळी सातला कामाला जाऊ, तुमचं तुम्ही उठा, फ्रीजमधलं काहीही घ्या. नवऱ्याला जरा चुकचुकल्यासारखं झालं, म्हणजे आपल्याकडे पाहुणे असताना घरातले सगळे निघून जात नाहीत ना. पण मला तर त्या किल्लीचंच अप्रूप वाटलं. आपल्यामागे आपलं घर आमच्या हवाली करायला त्यांनी एका दिवसाचाही वेळ घेतला नाही.

त्या भागात असा विश्वास पावलोपावली दिसतो. गावाबाहेर फुलांची शेतं होती, तिथे माणूस नाही, एक पाटी, दोन सुऱ्या आणि पैशांचा डबा, आपण फुलं कापायची, मोजायची, पैसे टाकायचे. शेतावरच्या छोट्या दुकानात अंडी, बटाटे, मध, तिथेही डबाच. धाकट्याने तर फुलं तीनतीनदा मोजली, एकही जास्त जाऊ नये म्हणून.

दुसरी गोष्ट म्हणजे आग्रह नाही. एकदा विचारतात, "आणखी घेणार?" आपण "नको" म्हटलं की विषय संपला, भांडं उचललं. हे मी निघायच्या आधीच घरच्यांना बजावून ठेवलं होतं, की भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा, लाजू नका. त्याचा फार उपयोग झाला. जे हवं ते स्पष्ट सांगणारा पाहुणा त्यांना सोपा वाटतो. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशी सरळ सांगितलं की मला रात्री गार जेवण जात नाही, काहीतरी गरम लागतं, आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्यांच्यापुरतं सूप तयार, कुणाच्या कपाळाला आठी नाही.

कामं मात्र वाटून घेतात. मुलांनी ताटं मांडायची, डिशवॉशर लावायचा, रिकाम्या बाटल्यांचा क्रेट दुकानात परत न्यायचा. पाहुणा म्हणून बसून राहिलं तर चालतं, पण उठून हात लावला की घरातलं वातावरण एकदम सैल होतं हे मी रोज बघितलं.

फिरणं बरंच झालं, त्याबद्दल कुणाला हवं असेल तर लिहीन. तुमचे अनुभव लिहा, वेगळे असतील तर जरूर लिहा.

घाटवाट

मस्त धागा. आम्ही पुढच्या वर्षी बहिणीच्या सासरच्या ओळखीने एका जर्मन कुटुंबाकडे जाणार आहोत, त्यामुळे अगदी वेळेवर. दोन प्रश्न. एक, पूर्ण शाकाहारी आणि त्यातही अंडं न खाणाऱ्या माणसाचं काय होतं तिथे? सासूबाईंनी काय खाल्लं ते सविस्तर लिहा. दुसरं, व्हिसाला त्यांचं पत्र लागतं का?

रानजाई

खाण्याचं सांगते, व्हिसाचं कुणीतरी जाणकार सांगेल.

मे महिना म्हणजे तिथे पांढऱ्या श्पार्गेलचा हंगाम, म्हणजे अॅस्परॅगस, पण आपल्याकडे मॉलमधे मिळतो तो हिरवा बारका नाही, हा अंगठ्याएवढा जाड, मातीच्या वरंब्याखाली वाढवलेला त्यामुळे पांढराफेक. २४ जूनला हंगाम संपवतात, नंतर पुढच्या वर्षीसाठी झाडाला वाढू देतात. तोवर घरोघरी तेच. त्यांची ओमा, म्हणजे आजी, शेजारच्याच घरात राहते, ती आणि आमच्या सासूबाई अंगणात बसून श्पार्गेल सोलायच्या, शेवग्याच्या शेंगा सोलल्यासारखेच वरचे दोरे काढायचे. एकीला मराठी येतं, दुसरीला जर्मन, आणि तासभर गप्पा! लेक सुरुवातीला मधे बसून भाषांतर करायची, मग तीही उठून गेली, तिची गरजच नव्हती.

बाडेन भागात, म्हणजे फ्रायबुर्गकडे, श्पार्गेलबरोबर धिरड्याचे तुकडे केल्यासारखा एक प्रकार असतो, क्रात्सेटे, पण त्यात अंडं. सासूबाईंना उकडलेले बटाटे, लोणी आणि श्पार्गेल. सॉस लावू नका असं सांगायचं, कारण हॉलंडेझ सॉसमधे अंड्याचा बलक असतो. श्पेट्झ्ले म्हणून ज्या शेवया मिळतात त्यातही अंडं. सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी मांसाचं असू शकतं, बाहेर खाताना विचारायचंच. आणि बटाट्याच्या परतलेल्या भाजीत, फ्लामकूखेनमधे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, "ओने श्पेक" म्हणजे त्याशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जा. जेलीच्या गोळ्यांमधे जिलेटिन असतं. बऱ्याच पाकिटांवर शाकाहारी किंवा व्हीगन असं छापलेलं असतं त्यामुळे दुकानात फार अडत नाही.

ब्लॅक फॉरेस्ट केक तिथला म्हणून मुलं हटून बसली होती, पण खऱ्या केकमधे किर्शवासर म्हणजे चेरीची दारू असते आणि ती चव लागली पाहिजे असा तिथे संकेतच आहे. होस्ट मॉमने घरी मुलांसाठी चेरीचा रस घालून वेगळा केला, मोठ्यांसाठी खरा. रविवारी दुपारी तीन-साडेतीनला कॉफी आणि केक हा तिकडचा मोठा कार्यक्रम, त्याला शेजारी, काका, मावशी सगळे जमले होते.

आणि एक खास. क्वार्क नावाचं जे मिळतं ते आपल्या चक्क्याच्या फार जवळचं असतं. फडक्यात रात्रभर टांगून पाणी काढलं, साखर, केशर-वेलची बरोबर नेलीच होती, सासूबाईंनी श्रीखंड केलं. ओमाने वाटी पुसून खाल्ली आणि कृती लिहून घेतली. पुरीसाठी मात्र कढईभर तेल तापवायला मी नको म्हटलं, त्यांचं स्वयंपाकघर हॉलमधेच उघडं आहे आणि छताला धुराचा अलार्म, मग पोळ्याच केल्या. चूल काचेची सपाट, त्यामुळे सपाट बुडाचाच तवा चालतो, फुलका थेट आचेवर फुगवणं विसरा.

नेकारकाठ

स्टुटगार्टजवळ राहतो, व्हिसाचं मी लिहितो कारण आईवडिलांचं आणि सासऱ्यांचं करून झालंय.

घाटवाट, दोन रस्ते आहेत. तुमचा खर्च तुम्हीच करणार असाल तर यजमानांचं साधं निमंत्रणपत्र, त्यात तुमची नावं, पासपोर्ट नंबर, तारखा, नातं किंवा ओळख, राहायची सोय आमच्याकडे, आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत. बँक स्टेटमेंट वगैरे तुमचं. खर्चाची हमी ते घेणार असतील तर त्यांना तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन रीतसर हमीपत्र करावं लागतं, त्याला त्यांची पगाराची कागदपत्रं लागतात आणि अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. पहिला रस्ता असेल तर यजमानांना दुसऱ्याचा त्रास देऊ नका. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो) फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ च्या आतल्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना फी नाही. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यासाठी लवकर करा.

बाकी घरात राहताना: रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवार पूर्ण दिवस. रविवारी गवत कापायचं यंत्र, ड्रिल बंद, काचेच्या बाटल्या सार्वजनिक डब्यात टाकणंही रविवारी करत नाहीत, आवाज होतो म्हणून. दुकानं बंद, सकाळी काही तास बेकरी आणि मग पेट्रोलपंप किंवा मोठ्या स्टेशनवरचं दुकान. शनिवारीच भरून ठेवा.

कचऱ्याचं यजमानांना पहिल्याच दिवशी विचारा. ओला वेगळा, कागद वेगळा, प्लास्टिक-पत्र्याची वेष्टनं पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या डब्यात, उरलेला वेगळा, काच रंगाप्रमाणे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट फांड म्हणजे अनामत असते, दुकानातल्या मशीनमधे टाकली की पावती मिळते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक लहान मुलाचा हा सगळ्यात आवडता उद्योग.

आणि बाडेनच्या माणसाला श्वाबियन, म्हणजे आमच्या स्टुटगार्टकडचा, म्हणू नका, फ्रायबुर्गचे लोक ते मनावर घेतात. राज्य एकच असलं तरी!

दक्खनी

चांगलं लिहिलंय पण माझा अनुभव इतका गोड नाही, आणि विचारलंय म्हणून लिहितो. उत्तरेकडे एका शहरात नवऱ्या-बायकोच्या घरी आम्ही राहिलो होतो, लेकाच्या कामाच्या ओळखीचे. माणसं सभ्य, पण रात्रीच्या जेवणाला ब्रेड, चीज, काकडी, संपलं. दिवसभर फिरून आल्यावर आमच्या हिला वाटलं की आपलं येणं यांना जड झालंय. रेस्टॉरंटमधे गेलो तर वेटरने विचारलं एकत्र की वेगळं, आणि यजमान म्हणाले वेगळं. आपल्याकडे पाहुण्याला पाकीट काढू देतात का? मला ते लागलं. सगळं नियोजन, सगळं वेळेवर हे मान्य, पण जीव लावणं म्हणतात ते मला नाही दिसलं.

रानजाई

दक्खनी, बरं झालं लिहिलंत. तुम्हाला जे वाटलं ते खोटं म्हणणार नाही, पण ब्रेड-चीजबद्दल मात्र सांगते. संध्याकाळचं ते गार जेवण, आबेन्टब्रोट, हे त्यांचं रोजचं आहे, गरम जेवण परंपरेने दुपारचं. आमच्या घरीही तेच होतं. ओमा म्हणाली की घरातल्या माणसांसारखं तुम्हाला बसवलं, वेगळं काही मांडलं असतं तर तुम्ही परके झाला असता. त्या टेबलावर बसून मंडळी दीडदीड तास उठायची नाहीत, मोबाइल कुणाच्या हातात नाही, आणि प्रत्येक मुलाला विचारणार, आज तुला काय आवडलं, काय नाही आवडलं. नाही आवडलं ते पण विचारायचे! मला त्या तासाची अजून आठवण येते.

बिलाचं म्हणाल तर आमच्याकडे पहिल्या दिवशीचं त्यांनी दिलं आणि नंतर एकदा आम्ही सांगून ठेवलं, आदल्या दिवशीच, की उद्याचं जेवण आमच्याकडून. आधी सांगितलं की मान्य करतात. बिल आल्यावर ओढाओढ केली असती तर त्यांना अवघड झालं असतं.

प्राजक्ती

दक्खनी काका, उत्तर-दक्षिण फरक आहेच, शिवाय घरागणिक फरक. मी हाम्बुर्गला राहते. इकडची माणसं पहिल्या भेटीत गळ्यात पडत नाहीत. पण माझ्या बाळंतपणात आई येईपर्यंत शेजारच्या आजींनी रोज दारात डबा ठेवला, बेल न वाजवता, बाळ झोपलं असेल म्हणून. दुसऱ्याला त्रास होऊ नये यातच त्यांची माया असते, ती ओळखायला मला वेळ लागला. तुमचे यजमान कसे होते ते मी कशाला सांगू, पण "येणं जड झालंय" असं असतं ना तर त्यांनी सरळ सांगितलं असतं की या तारखा जमत नाहीत. इथे नको असताना हो म्हणत नाहीत.

दक्खनी

प्राजक्ती, हे शेवटचं पटलं. त्यांनी आम्हाला एकदा तारखा बदलायला लावल्या होत्याच. हिला वाचून दाखवतो.

मावळसखी

एक अगदी व्यावहारिक प्रश्न, मोकळेपणी विचारते कारण आईंना घेऊन जायचंय. बाथरूम! बादली-मग, जेट स्प्रे, काय परिस्थिती?

रानजाई

अगं सगळ्यांच्या मनात हेच असतं. जेट नसतो. आम्ही मऊ प्लास्टिकची नळीवाली बाटली नेली होती, प्रवासात वापरतात ती, त्याने काम भागतं. बादली नाही, आणि शॉवरच्या काचेबाहेरच्या फरशीला जाळी नसते, पाणी जायला जागाच नाही, त्यामुळे बाहेर पाणी सांडू द्यायचं नाही, सांडलं तर लगेच पुसायचं. सासूबाईंना उभ्याने अंघोळ नको होती, ते मेलमधे आधीच कळवलं होतं तर त्यांनी ओमाकडचं शॉवरमधे ठेवायचं स्टूल आणून ठेवलं. नंतर खिडकी उघडायची, हिवाळ्यातही, नाहीतर भिंतीला बुरशी धरते. खिडकीची मूठ आडवी केली की पूर्ण उघडते, वर केली की नुसती वरून कलते, हे मुलांना लगेच जमलं.

अजून एक, घरात जेवायच्या टेबलाच्या कोपऱ्यात वर क्रूस होता, तिथल्या जुन्या कॅथलिक घरांत तशी पद्धत आहे. सासूबाई रोज सकाळी तिथे हात जोडायच्या. होस्ट मॉमने ते पाहिलं आणि विचारलं, तुमचा देव आणलाय का. पर्समधे छोटा गणपती होताच. तिने खिडकीतल्या कुंड्या सरकवून जागा केली, आणि दुसऱ्या दिवशी बागेतलं पहिलं फूल स्वतः आणून ठेवलं. त्या दिवशी सासूबाईंचे डोळे भरून आले होते.

घाटवाट

वा. फिरण्याबद्दल पण लिहा ना. गाडी लागते का? वयस्कर माणूस बरोबर असताना काय झेपतं?

रानजाई

आम्ही गाडी घेतलीच नाही. किर्खत्सार्टनहून फ्रायबुर्ग ट्रेनने अगदी जवळ, आणि उलट दिशेला तीच गाडी दरीतून चढत हिन्टरत्सार्टन, टिटिसे तलावापर्यंत जाते, खिडकीत बसून बघण्यासारखा चढ आहे, मधे एका अरुंद जागी कड्यावर शिंगवाल्या हरणाचा पुतळा दिसतो त्यासाठी मुलं आधीपासून खिडकीला चिकटून. टिटिसेला तलावाकाठचा रस्ता सपाट, सासूबाई आरामात चालल्या. फेल्डबर्गला, १४९३ मीटर, त्या भागातलं सर्वात उंच शिखर, तिथे होस्ट डॅड मुलांना घेऊन गेला, मेमधेही सावलीत थोडा बर्फ होता.

गुटाखचं फोग्त्सबाउअर्नहोफ म्युझियम मात्र सगळ्यांनी बघा. १६१२ सालचं शेतकऱ्याचं घर मूळ जागेवर उभं आहे, १९६४ पासून म्युझियम, बाकीची जुनी घरं इकडून तिकडून उचलून तिथे आणून बसवलीत. एकाच अजस्त्र छपराखाली माणसं, गुरं, वर गवताचा माळा. छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरतं, बर्फासाठी. सासूबाईंचं माहेर वेल्ह्याकडचं, गोठा घरातच असायचा, त्यामुळे त्या एकेक वस्तू बघून हे कशासाठी ते आम्हाला सांगत होत्या आणि बहुतेक बरोबर निघत होतं. घुसळखांबापाशी तर गाईडनेच त्यांना बोलू दिलं. ट्रिबेर्गचा धबधबा त्याच बाजूला, सगळे टप्पे धरून १६३ मीटर, चढ आहे, गुडघे दुखत असतील तर खालचा टप्पा बघून परत या.

फ्रायबुर्ग ओमाबरोबर बघितलं. रस्त्याच्या कडेने वाहणारे पाण्याचे छोटे पाट, मुलं त्यात होड्या सोडतात. कॅथेड्रलचा ११६ मीटरचा मनोरा. ओमा तिथे थांबली आणि २७ नोव्हेंबर १९४४ ची रात्र सांगितली, ती तेव्हा लहान होती, तळघरात आईच्या मांडीवर. बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळजवळ सगळं गेलं, मनोरा उभा राहिला. लेक हळूहळू मराठीत सांगत होती आणि आम्ही भर बाजारात उभे.

मग थोडं पुढे फुटपाथमधे बसवलेले पितळी चौकोन दाखवले, श्टोल्परश्टाइन, तळहाताएवढे. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने १९९० च्या दशकात सुरू केलेलं काम, नाझी काळात ज्यांना घरातून नेलं, मारलं, त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर नाव, जन्मसाल आणि पुढे काय झालं ते कोरलेलं. धाकट्याने विचारलं कोणी नेलं? माझ्या पोटात गोळा आला, की आता यांना कसं वाटेल. होस्ट मॉम खाली बसली त्याच्या उंचीला आणि म्हणाली, "आमच्याच लोकांनी. म्हणून वाचायला थांबायचं." आडपडदा काही नाही. आपल्या पाहुण्याच्या मुलाला आपल्या देशाबद्दल इतकं खरं सांगायचं, याला मी पाहुणचारच म्हणते, शहर नुसतं छान छान दाखवण्यापेक्षा कितीतरी मोठा.

नेकारकाठ

फार चांगलं लिहिलंत. आमच्याही गल्लीत आहेत ते दगड, नोव्हेंबरात शाळेची मुलं येऊन घासून चकचकीत करतात.

तिकिटाचं: बाडेन-व्युर्टेमबेर्गचं दिवसाचं तिकीट पाच जणांपर्यंत घेता येतं, साध्या रिजनल गाड्यांना चालतं, आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर. महिनाभर फिरायचं असेल तर डॉइचलांड तिकीट, २०२३ मधे ४९ युरोला सुरू झालं ते २०२६ पासून ६३ झालंय, पण ते सबस्क्रिप्शन आहे, दर महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करावं लागतं, पर्यटकांनी हे विसरू नये.

सह्यभ्रमर

आम्ही ओळखीच्यांकडे नव्हे तर त्याच भागात शेतकऱ्याच्या घरी पैसे देऊन राहिलो होतो, फेरीएनवोनुंग म्हणतात. तिथेही मालकीणबाई रोज दारात ताजं दूध ठेवायच्या, मुलांना गोठ्यात नेऊन वासराला बाटली धरायला द्यायच्या. फायदा असा की अशा ठिकाणी नोंदणी झाली की कोनुस कार्ड मिळतं आणि त्यावर ब्लॅक फॉरेस्टमधल्या बस आणि रिजनल ट्रेन फुकट. पण सगळ्या गावांमधे नाही, बुकिंगआधी विचारा. जाताना ओटा पुसून, कचरा ठरल्या जागी टाकून, भांडी लावून निघायचं ही तिथली अपेक्षा, आणि ती रास्त आहे.

आबा_वाईकर

भेटवस्तू काय न्यावी यावर कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे उलट झालं, जर्मन कुटुंब वाईला राहून गेलं, म्हणून दोन्हीकडचं सांगतो. आम्ही त्यांना निघताना पैठणीच्या काठाचा टेबलावर घालायचा पट्टा दिला, फार आवडला. वजनाला हलकं आणि वापरात येईल असं द्यावं. मोठ्या मूर्ती, शोभेच्या वस्तू देऊ नयेत, त्यांची घरं नेटकी असतात, ठेवायचं कुठे हा प्रश्न पडतो.

आणि ते आपल्याकडे आले तर आग्रह आवरा. पहिल्या दिवशी आमच्या घरच्यांनी त्या पाहुण्यांना पुरणपोळ्या वाढल्या, ते ताट रिकामं करणं हा शिष्टाचार समजून खात गेले, आम्ही ताट रिकामं दिसलं की वाढत गेलो. शेवटी सुनेने सांगितलं की पुरे असेल तर ताटावर हात आडवा धरा. त्यांना दुपारी एकटं राहायला, वाचत बसायला वेळ लागतो, कोणीतरी सतत सोबत बसलंच पाहिजे असं नाही. हे रानजाईंच्या किल्लीच्या गोष्टीवरून आत्ता नीट उमगलं.

रानजाई

आबा, अगदी उपयोगी. आम्ही नेलं ते: सोलापुरी चादर, घरचा गोडा मसाला (लेबल लावून, तिखट किती तेही लिहून), सासूबाईंनी विणलेली ओमासाठी शाल. तिथे पोचल्यावर शेतातली फुलं, कागद काढून हातात द्यायची. लाल गुलाब टाळायचे, ते प्रेमात असलेल्यांचे. त्यांनी सगळ्या भेटी आमच्यासमोर उघडल्या आणि प्रत्येकाबद्दल विचारलं. शाल ओमाने लगेच पांघरली कारण ते दिवस गारठ्याचे होते, मेच्या मध्याला तिथे थंडीचे चारपाच दिवस धरतात, १५ तारखेच्या "गार सोफी"पर्यंत टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाही म्हणाली. सोफी झाल्यावर दोघी आज्यांनी मिळून रोपं लावली. आता ओमा फोटो पाठवते, कुठल्या रोपाला किती फळं धरली ते, आणि सासूबाई मला रोज विचारतात आज आला का.

मावळसखी

आईंना वाचून दाखवलं सगळं. त्यांचा एकच प्रश्न, रात्री गोळ्या जेवणानंतर लगेच घ्यायच्या असतात, जेवणाची वेळ मागेपुढे होते का?

रानजाई

नाही गं, उलट साडेसहा म्हणजे साडेसहा. उशीर होणार असेल तर दहा मिनिटांचा असला तरी ते कळवतात आणि आपणही कळवावं. आईंची वेळ वेगळी असेल तर आत्ताच मेलमधे लिहून टाक, डायबेटिसच्या गोळ्या असतील तर तसं स्पष्ट लिही. प्रिस्क्रिप्शनची इंग्रजी प्रत बरोबर ठेव, तिथे बऱ्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि इमर्जन्सीला ११२ हा नंबर आईंच्या फोनमधे घालून दे.